रात्री बर्फ गोठला होता का?

परीक्षा आटोपल्या की मडगावहून चंदीगडला जाणाऱ्या गोवा संपर्क क्रांतीच्या डब्यांत मोठमोठ्या सॅक दिसू लागतात. चंदीगडहून रात्रीची बस, सकाळी कसोल नाही तर मनाली, दोन दिवस हवेची सवय करायची आणि मग सारपास, हामटा अशा एखाद्या खिंडीकडे चढायला लागायचे. या मंडळींनी गोव्यातल्या मोले, चोर्ला, सुर्ला इथले डोंगर पुष्कळदा पालथे घातलेले असतात. दम असतो, शेवाळलेल्या जांभ्यावर पाय कसा टाकायचा हे ठाऊक असते. बर्फ मात्र आपल्याकडे दिसतो तो मासळीच्या पेटीत. त्यामुळे डोंगरावरच्या बर्फाचा स्वभाव ओळखण्याची सवय लागायला वावच नसतो. एप्रिल-मेमधला बर्फ पहाटे एक असतो आणि दुपारी दुसराच. वसंतातली बहुतेक हिमस्खलने या बदलातून होतात, म्हणून तो बदल नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

४ एप्रिल २०२३ रोजी दुपारी बाराच्या सुमारास सिक्कीममध्ये गंगटोकहून नथुलाकडे जाणाऱ्या रस्त्यावर बर्फ कोसळून सात पर्यटक दगावले. ते गिर्यारोहक नव्हते. गाडीने बर्फ पाहायला गेलेली साधी माणसे होती, आणि पर्यटकांना त्या दिवशी तेराव्या मैलापर्यंतच जाण्याची परवानगी होती. २३ एप्रिल २०२१ रोजी उत्तराखंडातल्या चमोली जिल्ह्यात सुमना इथे सीमा रस्ते बांधणाऱ्या कामगारांच्या छावणीवर बर्फ आला, तोही बरेच दिवस पाऊस आणि हिमवर्षाव झाल्यावर. दोन्ही तारखा आपल्याकडच्या सुटीच्या हंगामातल्या आहेत. हिमस्खलन हा कडक हिवाळ्यातलाच धोका, एप्रिलमध्ये ऊन पडले की सुटलो, असे मानणाऱ्यांनी त्या लक्षात ठेवाव्यात.

हिमाचल-उत्तराखंडातले गाईड आणि पोर्टर हिमस्खलनाला बोलताना बरेचदा नुसते ‘ग्लेशियर’ म्हणतात. ‘उस नाले में ग्लेशियर आता है’ असे कुणी म्हटले तर तो हिमनदीविषयी बोलत नसतो, त्या नाल्यात वरून बर्फ कोसळतो असे सांगत असतो. हे वाक्य कानावर पडले की थांबून विचारा: कधी येतो, किती वाजता येतो, कुठपर्यंत पोचतो. या प्रश्नांची उत्तरे नकाशात मिळत नाहीत.

लादी आणि सैल बर्फ

डोंगरावर साठलेला बर्फ हा एकजिनसी ढीग नसतो. नोव्हेंबरपासून पडलेल्या प्रत्येक हिमवर्षावाचा एक थर बसतो. मध्ये वारा वाहिला तर कडक थर, ऊन पडले तर वर पापुद्रा, आणि बर्फ कमी असताना कडक थंडी पडली तर तळाशी साखरेसारखे सुटे, खडबडीत कण तयार होतात. हे साखरेचे थर एकमेकांना धरून राहत नाहीत. त्यांच्यावर जड थर बसला की तो वरचा थर लादीसारखा अख्खा सुटू शकतो. डोंगरावर आडवी भेग पडते आणि खोलीएवढी, कधी मैदानाएवढी लादी तुकडे होत खाली येते. दुसरा प्रकार सैल बर्फाचा. तो एका बिंदूपासून सुटतो आणि खाली येताना पंख्यासारखा रुंद होत जातो. वसंतात हे दोन्ही प्रकार ओल्या रूपात दिसतात.

ओला म्हणजे किती ओला, यावर सगळे अवलंबून आहे. कोलव्याच्या किनाऱ्यावर मुले वाळूचा किल्ला करतात तेव्हा हेच पाहायला मिळते. कोरडी वाळू ढासळते, किंचित ओली वाळू उभी राहते आणि लाट येऊन वाळू पाण्याने भरली की किल्ला बसतो. थोडे पाणी कणांना एकमेकांकडे ओढते, जास्त पाणी त्यांना वेगळे करते. बर्फाचेही तसेच आहे. आकारमानाने तीन टक्क्यांपर्यंत पाणी असलेल्या बर्फाचा गोळा छान वळतो. आठ टक्क्यांच्या पुढे गेला की कणांमधले बंध सुटू लागतात. मोजायला यंत्र लागत नाही. हातमोजा घालून मूठभर बर्फ दाबा. गोळा झाला आणि पाणी दिसले नाही तर बर्फ दमट आहे. कण ओले चकाकतात पण दाबून पाणी निघत नाही, तर तो ओला आहे. बोटांमधून पाणी ठिबकले तर त्या उतारावर तुमचे काम संपलेले आहे.

लादी कशी सुटते हे कळायला खोबरेल तेलाची बाटली पुरे. डिसेंबर-जानेवारीत सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या घरात पहाटे तेल थिजून पांढरे होते. बाटली उन्हात ठेवली की आधी काचेलगतचा पातळ थर वितळतो. आतला गोळा अजून घट्ट असतो, पण बाटली तिरकी केली की तो अख्खा गोळा घसरतो. वितळले ते फक्त कडेचे तेल, तरी सुटले सगळेच. डोंगरावर उन्हाने वरचा बर्फ वितळतो, पाणी थरांमधून झिरपत खाली उतरते आणि एखाद्या जुन्या बर्फाळ पापुद्र्यावर किंवा थेट खडकावर येऊन अडते. तिथे ओलसर पट्टा तयार होतो आणि त्याच्या वरचा सगळा भार आधाराविना राहतो. तळाशी साखरेसारखे कण असतील आणि पाणी त्यांच्यापर्यंत पहिल्यांदाच पोचत असेल, तर धोका सर्वांत जास्त. म्हणूनच मोसमातल्या पहिल्या मोठ्या उबाऱ्याच्या दिवसांत अख्खे डोंगर खाली येताना दिसतात. पाणी जिरून, वाट काढून, पुन्हा पुन्हा गोठून बर्फ मुरला की तोच उतार पुष्कळ शांत होतो.

मोठ्याने हाक मारल्याने हिमस्खलन होते ही सिनेमातली समजूत आहे. आवाजात तेवढा जोर नसतो. माणसे सापडतात त्या अपघातांत कोरडी लादी बहुधा तिच्यावर चढणाऱ्या माणसाच्याच वजनाने सुटते. ओला बर्फ मात्र पुष्कळदा कुणीही पाय न ठेवता, नुसत्या उन्हाने सुटतो. तुम्ही कितीही हलके, जपून चाललात तरी त्याला फरक पडत नाही. फरक पडतो तो तुम्ही त्या वेळी तिथे आहात की नाही याने.

ढगाळ रात्र

वसंतातल्या बर्फाची ताकद रात्रीच्या गोठण्यातून येते. दिवसभर वितळलेले पाणी रात्री गोठते, कण एकमेकांना चिकटतात आणि पहाटे त्याच उतारावरून फरशीवर चालल्यासारखे चालता येते. सूर्य वर आला की ही ताकद वरून खाली संपत जाते. पहाटे तीनला उठवणाऱ्या गाईडवर कुरकुर करणाऱ्यांना एवढे कळले तरी पुष्कळ आहे.

पण रात्र थंड होती म्हणजे बर्फ गोठलाच असे नाही. बर्फ आपली उष्णता आकाशाकडे टाकत असतो. आकाश निरभ्र असेल तर ती निघून जाते आणि हवेचे तापमान शून्याच्या एक-दोन अंश वर असतानाही बर्फाचा पृष्ठभाग गोठतो. ढग असतील तर ती उष्णता ते परत खाली पाठवतात. मग हवेचा पारा शून्यापाशी असूनही बर्फ ओलाच राहतो. म्हणून तंबूत अंगावर रजई घेऊनही कुडकुडलो हा पुरावा नव्हे. रात्री लघवीला उठाल तेव्हा वर बघा. तारे दिसले का, किती वेळ दिसले, हे सकाळी गाईडला सांगा. तोही ते पाहतच असतो, पण दोन माणसांनी दोन वेळा पाहिलेले बरे. सलग दोन-तीन रात्री गोठण झाले नाही तर ओल्या लाद्या सुटण्याचा काळ आला असे समजावे.

तळावरचे तापमान वरच्या उंचीला लावताना ढोबळ हिशेब असा की दर १००० मीटरला सुमारे साडेसहा अंश कमी. मनाली सुमारे २०५० मीटरवर आहे. तिथे पहाटे १० अंश असेल तर ४००० मीटरवर उणे दोन-तीन. तिथेच पहाटे १५ अंश असेल तर ४००० मीटरवरही शून्याच्या वर, आणि वर ढग असतील तर त्या दिवशी खिंडीचा विचार सोडून द्यावा.

निघण्यापूर्वी छावणीजवळच्या बर्फावर एक साधी परीक्षा करा. बुटाची टाच जोरात मारा. टाच टणकन परत आली तर ठीक. पापुद्रा फुटून पाय आत गेला तर काठीने खणून पाहा की पापुद्रा किती जाड आहे आणि खाली काय आहे. हाताच्या पंज्याच्या रुंदीएवढा, म्हणजे आठ-दहा सेंटिमीटर घट्ट थर असेल तर काही तास मिळतील. दोन बोटांएवढा थर आणि खाली भिजलेली साखर असेल तर ऊन लागल्यावर तासाभरात तो खलास होतो. मात्र छावणी सपाट, मोकळ्या जागी असते. झाडीखाली किंवा कड्याच्या आडोशाला आकाश कमी दिसते, त्यामुळे तिथे गोठणही कमी होते. एका जागेवरून सगळ्या वाटेचा निष्कर्ष काढू नका.

घड्याळाप्रमाणेच दिशाही महत्त्वाची. मेच्या मध्यात हिमाचलात सूर्य साडेपाचच्या आधीच उगवतो, गोव्यापेक्षा जवळजवळ चाळीस मिनिटे लवकर. पूर्वेकडे तोंड असलेला उतार लगेच तापू लागतो, दक्षिणेकडचा दहा-अकरापर्यंत, पश्चिमेकडचा दुपारनंतर. उत्तरेकडचा उतार सगळ्यात उशिरा तापतो, पण हिवाळ्यातले कमकुवत थर तिथेच सर्वांत जास्त टिकून राहतात. खिंड ओलांडताना एक बारकावा हमखास निसटतो. चढ पश्चिमेच्या बाजूने असेल तर तुम्ही सावलीत, कडक बर्फावरून आरामात वर पोचता. आठ वाजलेले असतात, सगळे छान वाटते. पण उतरायची बाजू पूर्वेची असते आणि तिच्यावर अडीच तास ऊन पडलेले असते. वेळेचा हिशेब नेहमी उतरायच्या बाजूचा करा. पूर्वेकडे उतरायचे असेल तर आठपर्यंत तीव्र उतार संपलेला हवा, दक्षिणेकडे उतरायचे असेल तर नऊ-दहापर्यंत. ढग आले म्हणून गाफील राहू नका. पातळ ढगांतून ऊनही येते आणि उष्णता बाहेरही जात नाही. पाऊस लागला तर घड्याळ बाजूला ठेवा आणि उतारापासून दूर व्हा.

हिवाळ्यासारखा हिमवर्षाव एप्रिलमध्येही होतो. पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारी पावसा-बर्फाची हवा, आला की एका रात्रीत फूट-दीड फूट बर्फ पडतो आणि दुसऱ्या सकाळी निळेभोर आकाश उघडते. फोटोसाठी यापेक्षा सुंदर दिवस नाही आणि डोंगरावर जायला यापेक्षा वाईट दिवस क्वचितच. ताज्या बर्फावर पहिले कडक ऊन पडते ते काही तास टाळायलाच हवेत. चोवीस तासांत ३० सेंटिमीटर किंवा जास्त बर्फ पडला असेल तर निदान एक पूर्ण दिवस आणि एक निरभ्र रात्र जाऊ द्यावी, वारा असेल तर त्याहून जास्त. सोबतच्या सगळ्यांचा उत्साह ऐन भरात असताना हे सांगणे अवघड जाते, तरी सांगायलाच हवे.

उतार मोजायची काठी

लादी सुटते ती बहुतेक वेळा ३० ते ४५ अंशांच्या उतारावर, सर्वांत जास्त ३८ अंशांच्या आसपास. त्याहून उभ्या कड्यावर बर्फ साठत नाही, थोडा थोडा गळत राहतो. त्याहून सौम्य उतारावर तो बहुधा सुटत नाही. अगदी चिखलासारखा झालेला बर्फ मात्र याला अपवाद. कोरड्या वाळूचा ढीग आपोआप तेहतीस-चौतीस अंशांवर स्थिरावतो. डिचोली-सांखळीकडच्या खाणींचे डंप ज्यांनी पाहिले आहेत त्यांच्या डोळ्यांत हा कोन बसलेला आहे. चढायला जमेल, पण हात टेकावेसे वाटतील, असा. हाच उतार बर्फात सर्वांत धोक्याचा.

नुसत्या नजरेवर विसंबू नका, नजर हमखास चुकते. ट्रेकिंगच्या दोन काठ्या १२० सेंटिमीटरवर लावा आणि एकीवर टोकापासून ७० सेंटिमीटरला रंगीत टेप चिकटवा. टेपची काठी उतारावर सरळ उभी धरा. दुसरी काठी आडवी, अगदी समपातळीत धरून तिचे टोक वरच्या बाजूला बर्फाला टेकवा आणि दुसरे टोक उभ्या काठीला लावा. ते टेपपाशी आले तर उतार ३० अंशांचा आहे, टेपच्या वर आले तर जास्त, उभ्या काठीच्या माथ्याला आले तर ४५. घरी जिन्यावर दोनदा करून पाहिले की हात बसतो. मोबाईलमधल्या कोनमापकानेही चालते, फक्त फोन थेट बर्फावर ठेवण्याऐवजी बर्फावर आडव्या टाकलेल्या काठीवर ठेवा. हे मोजमाप सुरक्षित, छोट्या उतारावर करा आणि मग समोरच्या मोठ्या उताराशी नजरेने ताडून पाहा.

आता सर्वांत जास्त चुकणारी गोष्ट. तुम्ही सपाट वाटेवर असलात तरी डोक्यावरचा उतार तुमच्यापर्यंत येऊ शकतो. नथुलाच्या रस्त्यावर माणसे रस्त्यालगतच होती. हात लांब करून मूठ धरली की मुठीची उंची साधारण दहा अंश होते. वर जिथून बर्फ सुटू शकतो ती जागा क्षितिजापासून अडीच मुठींहून उंच दिसत असेल तर तुम्ही त्याच्या वाटेत आहात असे धरा. मोठी हिमस्खलने याहूनही लांब, दोन मुठींच्या आतही पोचतात. नाल्याच्या तोंडाशी तंबू ठोकलेला दिसला की आधी वर पाहा. तिथली झाडे कशी आहेत तेही पाहा. देवदारांच्या रानात मधोमध उभा पट्टा मोकळा असेल, किंवा झाडांच्या वरच्या बाजूच्या फांद्याच मोडलेल्या असतील, तर तो बर्फाच्या येण्या-जाण्याचा रस्ता आहे.

जागा कशी आहे यावर परिणाम अवलंबून असतो. मोकळ्या पंख्यासारख्या उतारावर थोडा बर्फ आला तर तो पसरतो आणि माणूस वरच राहण्याची शक्यता असते. तेवढाच बर्फ अरुंद नाल्यात आला तर दोन-तीन मीटरचा ढीग होतो. खाली कडा असेल तर पुरले जाण्याची गरजच उरत नाही. ओला बर्फ कोरड्या बर्फाच्या मानाने हळू येतो, पण एका घनमीटरला चार-पाचशे किलो भरतो आणि थांबला की काही मिनिटांत काँक्रीटसारखा आवळतो.

वाटेवर

बर्फ स्वतः सूचना देतो. पहिली सूचना म्हणजे उतारावरून आपोआप घरंगळणारे गोळे, चक्रीसारखे गुंडाळत मोठे होणारे. ते दिसू लागले की वेळ संपत आली. पाय घोट्याच्या वर रुतू लागला तर तीव्र उतारावरून लगेच बाहेर पडा. पोटरीपर्यंत गेला तर आधीच उशीर झालेला आहे. खडकांच्या कडेने छोटे ओघळ सुटू लागतात, बर्फाखाली पाण्याची खळखळ ऐकू येते, शेजारच्या उतारावर ताजे स्खलन दिसते. पायाखाली ‘वुंफ’ असा दबका आवाज येऊन बर्फ किंचित बसला तर खालचा थर कोसळला आहे; आल्या पावली मागे फिरा. धारेवरच्या कडेला वाऱ्याने बाहेर लोंबलेले बर्फाचे छज्जे असतात. त्यांची तुटण्याची रेघ वाटते त्याहून बरीच आत असते, म्हणून कडेपासून दहा मीटर आत चाला आणि सेल्फीसाठी टोकावर कुणाला जाऊ देऊ नका. नाल्यावरचे बर्फाचे पूल मेअखेर खालून पोखरलेले असतात. मधोमध खळगा पडलेला, रंग राखाडी झालेला पूल टाळा. तेही पहाटेच ओलांडायचे.

धोक्याचा पट्टा ओलांडायचाच असेल तर एका वेळी एक. बाकीच्यांनी सुरक्षित जागी उभे राहून त्याच्यावर नजर ठेवायची. सुरक्षित जागा म्हणजे उंचवटा, धार, मोठ्या खडकाचा आडोसा. दरीचा तळ किंवा वळणावरचा खळगा नव्हे. जाण्यापूर्वी सॅकचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडा, काठ्यांचे दोर मनगटातून काढा, नाक-तोंडावर बफ (गळ्यातला कापडी पट्टा) ओढा, जॅकेटची चेन लावा. मध्ये थांबायचे नाही, पाणी प्यायचे नाही, फोटो काढायचा नाही.

इथे गटाच्या आकाराचा हिशेब येतो, आणि तो फार कमी जण करतात. साठ मीटरचा नाला ओलांडायला एकाला दोन मिनिटे लागली तर तीस जणांना एक तास लागतो. असे तीन नाले असतील तर तीन तास. पहाटे चारला निघालेला गट मग दहा वाजता तीव्र उतारावर असतो. वेळ वाचवायला सगळे एकदम घातले तर एका स्खलनात सगळे सापडतात आणि खणायला कुणी उरत नाही. यावर उपाय एकच, लहान गट. आठ-दहा जण, दोन अनुभवी माणसांसोबत. तीस-चाळीसच्या गटाने निदान तीन तुकड्या कराव्यात आणि दोन तुकड्यांमध्ये एक धार किंवा एक वळण एवढे अंतर ठेवावे.

पुरला गेला तर

या भागाची वेळ येऊ नये यासाठीच वरचे सगळे. तरीही माहीत असावे, कारण मदत बाहेरून वेळेत पोचत नाही. पुरलेला माणूस बहुधा गुदमरून जातो. पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकी दहात नऊ वाचतात. अर्धा तास उलटला की दहातले तीनच. शेजारच्या कर्नाटकातल्या धारवाड जिल्ह्यातले लान्स नायक हणमंतप्पा कोप्पड फेब्रुवारी २०१६ मध्ये सियाचीनवर सहा दिवसांनी बर्फाखालून जिवंत सापडले होते. आपल्याकडे पुष्कळांच्या मनात तीच बातमी घर करून आहे. ते तंबूत होते, आजूबाजूला हवेला जागा राहिली होती. त्यांच्यासोबतचे नऊ जवान वाचले नाहीत, आणि काही दिवसांतच दिल्लीच्या रुग्णालयात त्यांचेही निधन झाले. उघड्यावर सापडलेल्या ट्रेकरच्या नाकाशी तेवढी हवा नसते.

सापडलात तर ओरडा, काठ्या फेका, बाजूला निघायचा प्रयत्न करा. वाहत असाल तर हातपाय मारून वर राहण्यासाठी झगडा. वेग कमी होताना एक हात चेहऱ्यासमोर आणा आणि श्वासाला जागा करा. थांबल्यावर हलता येत नाही.

पाहणाऱ्यांनी तो शेवटी कुठे दिसला ती जागा नजरेत पक्की धरायची. आधी वरून आणखी बर्फ येणार नाही ना हे पाहायचे, माणसे मोजायची आणि मग त्या जागेच्या खालच्या भागात शोध. प्रत्येकाजवळ ४५७ किलोहर्ट्झवर चालणारा बीकन (संदेश पाठवणारे आणि पकडणारे छोटे यंत्र), अडीच-तीन मीटरची प्रोब (बर्फात खुपसायची सळई) आणि धातूचे फावडे असेल तरच शोध वेगाने होतो. तिन्ही हवीत, बीकनने जागा कळते, माणूस बाहेर येतो फावड्याने. सगळ्यांनी आपापले बीकन शोधावर लावायचे. एकही प्रक्षेपण करत राहिला तर सगळे त्याच्याकडेच जातात. फोन बीकनपासून चालताना २० आणि शोधताना ५० सेंटिमीटर लांब, शक्यतो बंद. बीकनवरच्या बाणाच्या दिशेने जाताना अंतराचा आकडा कमी होत जाईल तसे हळू व्हा, शेवटच्या तीन मीटरना बीकन बर्फाला लागून धरा, सर्वांत लहान आकड्यापासून गोलाकार, दर २५ सेंटिमीटरला प्रोब खुपसा. माणूस लागला की प्रोब तशीच ठेवा आणि उताराच्या खालच्या बाजूने, खोलीच्या दीडपट अंतरावरून आत खणा. थेट वर उभे राहून खणलात तर त्याच्या श्वासाची जागा तुम्हीच दाबता.

आपल्याकडच्या व्यावसायिक ट्रेकवर बीकन सहसा दिले जात नाहीत. मग उरतात ट्रेकिंगच्या काठ्या, ताटे आणि डोळे. हातमोजा, टोपी, सॅकचा पट्टा असे काही दिसते का पाहा. बर्फ जिथे अडून ढीग झाला आहे तिथे, वळणाच्या बाहेरच्या बाजूला, खडक-झाडांच्या वरच्या अंगाला आधी शोधा. दोघे-चौघेच असाल तर लगेच कुणी मदतीला खाली धावू नये. पहिला अर्धा तास प्रत्येक हात इथेच हवा. चेहरा आधी मोकळा करा, तोंडातला बर्फ काढा, मग छाती. श्वास नसेल तर तोंडाने श्वास देऊन छाती दाबायला लागा. श्वास चालू असेल तर आडवेच ठेवा, हलवायचे असेल तर हळूच, ओले कपडे बदला, हातपाय चोळू नका.

पैसे भरण्यापूर्वी

चंदीगडची डीजीआरई ही संरक्षण खात्याची संस्था हिमालयातल्या राज्यांसाठी हिमस्खलनाचे इशारे देते. धोक्याची मोजपट्टी एक ते पाच अशी आहे. तीन म्हणजे मधला, चालण्यासारखा, असे समजू नका. आल्प्समध्ये सर्वाधिक बळी तीनच्या दिवशी जातात, कारण चारला लोक घरी राहतात. इशारा मोठ्या प्रदेशासाठी असतो. तुमच्या नाल्याचे उत्तर पहाटेची टाच आणि रात्रीचे तारेच देतील.

पणजी-म्हापशात बसून बुकिंग करताना आयोजकाला थेट विचारा. खिंडीच्या दिवशी किती वाजता निघता, किती वाजता मागे फिरायचे ठरलेले आहे, आणि गेल्या मोसमात किती गट खिंडीच्या आधीच परत आणले? शेवटच्या प्रश्नाला ‘एकही नाही’ असे अभिमानाने सांगणाऱ्यापेक्षा दोन-तीन वेळा परत आणल्याचे सांगणारा माणूस आम्हाला भरवशाचा वाटतो. एका गटात किती जण, फावडी किती, सॅटेलाइट फोन किंवा वायरलेस आहे का, हेही विचारून घ्या. वर बहुतेक ठिकाणी मोबाईल चालत नाही. जिथे चालतो तिथे ११२.

आणि परतीचे तिकीट. गाडी रोज नाही, आरक्षण बरेच आधी काढावे लागते, म्हणून लोक खिंड ओलांडल्याच्या दुसऱ्याच दिवशी चंदीगडला पोचायचे ठरवतात. मग रात्रभर ढग असले तरी पहाटे निघणे भाग पडते. खिंडीच्या दिवसानंतर दोन दिवस मोकळे ठेवून आरक्षण करा. ते लागले नाहीत तर कसोलला नदीकाठी काढता येतात. लागले तर ढग हटून एक निरभ्र रात्र मिळेपर्यंत छावणीत थांबता येते.